त्या दिवशीचे दोन नमुने

सगळी नोकरी मी भीत भीत केली. हे लाजून नाही, थोड्या तोऱ्यातच सांगते. आमच्या कामात जो माणूस भीत नाही त्याच्या हातात नमुन्याची नळी देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मी घरचा गॅस बंद केलाय का ते बघायला अर्ध्या जिन्यावरून परत वर जाते. कुलूप ओढून बघते, मग पुन्हा एकदा ओढते. पंचवटीतून स्कूटर काढून पूल ओलांडेपर्यंत डोक्यात तेच कुलूप असतं. आमचे हे म्हणतात, "तुझ्यात भीतीचं एक जनुक जास्तीचं आलंय." जनुकांवरचे विनोद ऐकून घेणं हा माझ्या संसाराचा भागच झाला आहे.

मी नेमकं काम काय करते, हे मात्र मला कुणाला कधी धड सांगता आलं नाही. जेनेटिक्समध्ये एम. एस्सी. म्हटलं की नाशिकचा माणूस थेट द्राक्षावर जातो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाजी विकायला बसणारे एक काका आहेत, त्यांचा मखमलाबादकडे मळा आहे. ते मला थांबवून टोमॅटोची आकसलेली पानं दाखवायचे. "ताई, तुम्ही बियाण्याच्या डॉक्टर ना? बघा ना, लय पसरलंय हे." मी म्हणायची, "काका, मी बियाण्याचं नाही, माणसांचं बघते." एकदा ते विचारात पडले आणि म्हणाले, "मग मानसाचं बियानं खराब निघालं तर तुम्ही काय फवारता?" मी मेथीची जुडी घेतली आणि निघाले.

दर उन्हाळ्यात ओळखीपाळखीची मुलं विचारायला येतात, "मॅडम, जेनेटिक्स घेतलं तर स्कोप काय?" त्यांना मी आमच्या वर्गाचं उदाहरण देते. एकजण बियाणे कंपनीत गेली आणि आता कांद्याच्या जाती काढते. एकजण गुन्ह्यांच्या तपासाच्या सरकारी प्रयोगशाळेत आहे. एक मैत्रीण टेस्ट ट्यूब बेबीच्या केंद्रात भ्रूण सांभाळते. दोघं कॉलेजात शिकवतात. वर्गात सगळ्यात हुशार होता तो औषध कंपनीची बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारात बसायचा, आणि आमच्यात सगळ्यात मोठी गाडी त्याचीच आहे. हे सगळं सांगून झालं की मी मुलांना विचारते, "तुला भीती वाटते का रे कशाची?" मुलं गोंधळतात. आईबाप माझ्याकडे विचित्र नजरेनं बघतात.

शिकताना आम्हाला भीती नव्हती. फळमाश्यांना गुंगी देऊन आम्ही त्यांचे डोळे मोजत बसायचो, किती लाल, किती पांढरे. मोजणी चुकली तर मार्क जायचे. माशीची काही तक्रार नसायची. पुढे मी गंगापूर रोडच्या एका गल्लीतल्या तपासणी केंद्रात लागले. खाली रक्त घ्यायची खोली, वर आमची प्रयोगशाळा. तिथे पहिल्यांदा कळलं की इथली मोजणी चुकली तर एखाद्या घरात पाळणा हलणार की नाही, ते बदलतं.

काम थोडक्यात सांगते. पोटातल्या बाळाला घराण्यातला एखादा आजार आलाय का, ते आम्ही बघतो. साधारण तिसरा महिना सरताना डॉक्टर पोटातून सुई घालून वारेचा चिमूटभर भाग काढतात. वार बाळाबरोबरच वाढलेली असते, त्यामुळे तिच्यात जे लिहिलेलं असतं तेच बाळात. तो चिमूटभर भाग नळीत घालून माझ्याकडे येतो. पण सुई जाते आईच्या अंगातून, म्हणून त्यात आईचेही कण येतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्यानं वेगळे करायचे. बाळाचे तुकडे पांढरे, बारीक फांद्याफांद्यांचे. आईचे लिबलिबीत आणि रक्ताळलेले. मटकीतून खडे निवडावेत तसं हे काम, फक्त इथे एक खडा राहिला तर दात नाही, जन्म मोडतो. कारण आई धडधाकट असते. तिची उत्तरं बाळाच्या पेपरात उतरली तर आजारी बाळही पास होऊन जातं.

म्हणून आम्ही आणखी एक जुळणी करतो. आईचं रक्त घ्यायचं आणि बाळाच्या नमुन्याशी पंधराएक ठिकाणी ताडून बघायचं. प्रत्येक ठिकाणी बाळाकडे दोन खुणा असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. बापाच्या खुणेबरोबर आईच्या दोन्ही खुणा दिसल्या तर समजायचं की नमुन्यात आई मिसळली आहे. एकच दिसली तर नमुना स्वच्छ. आईची एकही दिसली नाही, असं होऊच शकत नाही. निदान पुस्तकात तरी.

या जुळणीत बाळ मुलगा की मुलगी तेही दिसतं. ते आम्ही पाहूनही न पाहिल्यासारखं करतो, कारण सांगणं गुन्हा आहे. लोकांना हे माहीत असतं. एक गृहस्थ तर मला जिन्यात गाठून म्हणाले, "मॅडम, कायदा माहितीय मला. तुम्ही काहीच बोलू नका. फक्त हसा, नाहीतर हसू नका." तेव्हापासून मी जिन्यात कुणाशीच हसत नाही. केंद्रात माझी ख्याती 'शिष्ट बाई' अशी आहे, आणि ती मी कष्टानं मिळवली आहे.

आता ज्या प्रसंगासाठी लिहायला बसले, त्याकडे येते. तीन-चार वर्षं झाली असतील त्याला.

वैशाली दिंडोरीकडची. सासरी द्राक्षाच्या बागा, माहेरीही बागाच, आणि सासर-माहेर तसं एकच, कारण नवरा तिचा सख्खा आतेभाऊ. सासू म्हणजे आत्या. तिला पहिली मुलगी झाली. गुटगुटीत, माणूस दिसलं की खुदकन हसणारी. पण पाच-सहा महिने झाले तरी मान धरेना. मग पाय हलवेना, मग दूध ओढायलाही दम लागायला लागला. स्नायू हलवणाऱ्या नसा एकेक करून विझत जातात, असा हा आजार आहे. बुद्धीला काही होत नाही. मूल सगळ्यांना ओळखतं आणि शेवटपर्यंत बघत राहतं. पहिला वाढदिवस यायच्या आधीच ती गेली.

शाहीन मालेगावची. नवरा अस्लम पॉवरलूमवर कामाला, तोही नात्यातलाच, चुलत्याचा मुलगा. आमच्याकडे मामाची मुलगी करतात, त्यांच्याकडे चाचाची. जनुकांना दोन्ही सारखंच. तिचा मुलगा याच आजारानं गेला होता.

मोठ्या शहरात अशा जोडप्यांना समजावून सांगायला वेगळा समुपदेशक असतो. आमच्याकडे नमुना साफ करणारी, मशीन चालवणारी आणि समजावणारी मी एकटीच. दोन्ही घरांना मी वेगवेगळ्या दिवशी तेच सांगितलं. आईबाप दोघांकडे एकेक प्रत चांगली, एकेक बिघडलेली. एक चांगली असली तरी माणूस ठणठणीत राहतो. बाळाला दोन्हीकडून बिघडलेली आली तरच आजार. चारात एक शक्यता.

वैशालीची आत्या लगेच म्हणाली, "म्हंजी एक वाईट झाली, आता तीन चांगली व्हनार."

"नाही हो आत्या," मी म्हटलं. "प्रत्येक वेळी चिठ्ठ्या परत पेटीत टाकतात."

"आसं कसं? देवाला काय हिशोब नाय का?" आत्या माझ्यावरच चिडल्या.

दोघींना पुन्हा दिवस गेले, आणि योगायोगानं दोघींचे नमुने एकाच दिवशी माझ्या टेबलावर आले. एका आजाराचे नमुने आम्ही एकत्रच लावतो, रसायनं महाग असतात म्हणून. आधी एक नळी उघडली, साफ केली, मग दुसरी. उरलेले तुकडे नेहमीप्रमाणे गोठवून ठेवले. निकाल आले. वैशालीच्या बाळाकडे एक प्रत चांगली होती, म्हणजे आईबापासारखंच, ठणठणीत. शाहीनच्या बाळाकडे चांगली एकही नव्हती.

शाहीनचा निकाल आधी गेला. असा निकाल आला तर नमुन्यात आई मिसळलेली नाही हे आपोआपच कळतं. मिसळली असती तर तिची चांगली प्रत दिसली असती. शाहीनचं रक्तही वाटेत नळीत गोठून गेलं होतं, आणि गरज नाही म्हणून आम्ही ते परत मागवलं नव्हतं. वैशालीचा निकाल मात्र चांगला होता, आणि चांगल्या निकालाची आम्हाला जास्त भीती वाटते. तो आईच्या रक्ताशी जुळणी होईपर्यंत अडवून ठेवला.

मालेगावला डॉक्टरांनी शाहीन आणि अस्लमला निकाल सांगितला. ते घरातल्या मोठ्यांशी बोलले. मुलाचे शेवटचे महिने सगळ्यांनी पाहिले होते. गर्भपात करायचं ठरलं, दुसऱ्या दिवशी सकाळचा.

त्याच दुपारी वैशालीची जुळणी माझ्या पडद्यावर आली. पहिलं ठिकाण जुळलं. दुसरंही जुळलं. चौथ्या ठिकाणी बाळाच्या दोन्ही खुणा वेगळ्या, आईची एकही नाही. मला वाटलं, मशीनची खोडी असेल. पुढे सातव्या ठिकाणी तेच. मग आणखी दोन ठिकाणी तेच.

हे बाळ या बाईचं नव्हतं.

मी नोंदवही उघडली. त्या दिवशी माझ्या टेबलावर अशा दोनच नळ्या होत्या. हे वैशालीचं नसेल तर शाहीनचं असणार. म्हणजे मी नळ्यांची अदलाबदल केली. म्हणजे ठणठणीत बाळ शाहीनचं, आणि ते उद्या सकाळी जाणार. आणि इकडे वैशालीला मी पेढे वाटायला सांगणार, आणि पाच-सहा महिन्यांनी ते मूल मान धरणार नाही.

मी सरांकडे गेले. सर म्हणजे आमच्या केंद्राचे प्रमुख, शांत माणूस. त्यांनी आलेख दोनदा पाहिला.

"मॅडम, खात्री आहे अदलाबदलीची?"

"खात्री असती तर तुमच्याकडे आले असते का? थेट मालेगावलाच गेले असते."

"आता फोन करून थांबवलं, आणि अदलाबदल झालेलीच नसली तर? त्या बाईला आपण फुकट आशा लावू."

"आणि नाही थांबवलं, आणि झालेली असली तर?"

सरांनी फोन माझ्याकडे सरकवला.

मालेगावच्या डॉक्टर म्हणाल्या, थांबवते, पण कारण तुम्हीच सांगा, मला तुमच्या त्या पंधरा खुणा समजावता यायच्या नाहीत. मग मी शाहीनला फोन लावला. मी म्हटलं, "शाहीन, उद्याचं थांबव. आम्हाला एकदा पुन्हा तपासायचंय. तुझं रक्त लागेल, उद्या नाशिकला ये. पण हे बघ, आशा धरू नकोस. निकाल तोच येऊ शकतो."

"रुकना है?" तिनं विचारलं.

"हो, पण आशा..."

"मैं आती हूँ मॅडम. पहली गाडी से आती हूँ." माझ्या एवढ्या मोठ्या वाक्यातला तिनं 'थांबव' एवढाच शब्द घेतला होता. मी तिच्या जागी असते तरी तेवढाच घेतला असता.

दिंडोरीलाही फोन केला, पुन्हा रक्त द्यायला या म्हणून.

त्या संध्याकाळी घरी मी मनातल्या मनात पुन्हा टेबलाशी बसत होते. डावीकडची नळी उचलली, चिठ्ठी वाचली, झाकण काढलं. की आधी झाकण काढलं आणि मग वाचली? मध्ये कुणी हाक मारली होती का? चिमटा बदलला होता, तो कोणत्या नळीच्या आधी? इतकी वर्षं ज्या हातांवर विश्वास टाकला त्यांची साक्ष मलाच पटेना. हे म्हणाले, "तू इतकी भित्री आहेस, तुझ्याकडून चूक होणार नाही." मला त्यांचा राग आला. भित्र्या माणसाला चूक होत नाही असं थोडंच आहे? त्याला फक्त ती आधीपासून दिसत असते.

सकाळी दिंडोरीची माणसं आधी आली. वैशाली, आत्या, आणि वैशालीची थोरली बहीण उज्ज्वला. नवरा बाहेर गाडी लावत होता. या वेळी मी कुणावर सोपवलं नाही, स्वतः खालच्या खोलीत गेले. वैशालीला खुर्चीत बसवलं, बाही वर सारली, पट्टा बांधणार तेवढ्यात उज्ज्वला पुढे आली आणि आपला हात टेबलावर ठेवला.

"ताई, हिचं कशाला परत? माझंच घ्या ना. मागच्या टायमाला माझंच घेतलं होतं."

माझ्या हातातला पट्टा तसाच राहिला. "काय घेतलं होतं?"

"रक्त. त्या दिवशी."

आत्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "आवो, त्या दिवशी पोरीच्या पोटात येवढी सुई घातली. त्याच्या आधी दवाखान्यात चार नळ्या भरून रक्त काढलं. चक्कर आली तिला, पडली होती ती तिकडं बाकावर. दोन जिवांची बाई, किती काढनार तिचं? मग मीच म्हटलं उज्जूला, तू जाऊन दे. सख्ख्या बहिनी हायेत, एकच रक्त हे. त्यात काय बिघडलं?"

"पण नाव पुकारलं, आधार कार्ड पाहिलं..."

"कार्ड दिलं की वैशीचं," उज्ज्वला म्हणाली. "त्या बाईनं फोटू बघितला, माझ्याकडं बघितलं, म्हनली ठीक हाय."

यात आमच्या रक्त घेणाऱ्या बाईंना तरी काय दोष द्यायचा? आधार कार्डावरच्या फोटोसारखं दिसणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही, आणि या तर बहिणी. आता आम्ही रक्त घेताना आईचा चेहरा नमुना काढणाऱ्या डॉक्टरांनी पाठवलेल्या फोटोशी ताडतो, आणि आधी तोंडानं सांगतो की आईचंच लागेल, बहिणीचं चालत नाही, आईच्या आईचंही चालत नाही. त्या दिवसापर्यंत हे सांगायची गरज असेल, असं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. आम्ही चोरांची भीती धरून बसलो होतो, मायेची नाही.

मी आत्यांवर ओरडले. काय ओरडले ते नीट आठवत नाही, पण फरशी पुसणाऱ्या मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या एवढं आठवतं. वैशाली रडायला लागली. तिला यातलं काही माहीतच नव्हतं, ती त्या दिवशी खरंच बाकावर पडून होती. आत्या मात्र शांत होत्या. "चिडू नका बाई," त्या म्हणाल्या. "एक गेली ना आमची. घरात बाई वाळत चाललीय, तिचं थेंबभर रक्त वाचवलं आमी."

मग मला रडू आलं. खरं सांगते, ते वैशालीसाठी नव्हतं. मी चुकले नव्हते, म्हणून होतं. बाळाची बहुतेक ठिकाणं उज्ज्वलाशी, म्हणजे सख्ख्या मावशीशी, जुळत होती आणि चारच नाही, हे आता किती सरळ दिसत होतं! परकी बाई असती तर याहून बरीच जास्त ठिकाणं फिसकटली असती. आदल्या दुपारी हेच माझ्या डोळ्यांसमोर होतं, पण भीतीनं मला एकच गोष्ट दाखवली होती, माझे दोन हात आणि दोन नळ्या. मी वैशालीचं रक्त घेतलं, तोंड धुतलं, आणि मला इतकं हलकं वाटलं की आत्यांना चहा सांगितला.

चहा येतोय तोच दाराशी रिक्षा थांबली. द्वारका चौकात बसमधून उतरून शाहीन आणि अस्लम आले होते. शाहीन हसत आत आली. मी तिला यापूर्वी हसताना पाहिलेलं नव्हतं.

"रातभर हम दोनों सोये नहीं मॅडम," ती म्हणाली. "अम्मी बोलीं, अल्लाह ने ही तुम्हारे दिल में डाला, तभी तुमने फोन किया." खुर्चीत बसून तिनं आपणहून बाही वर केली. "जितना चाहिए उतना लो."

"शाहीन, मी तुला आशा धरू नकोस म्हटलं होतं."

"हाँ, बोले थे आप," ती म्हणाली. "गलती तो होती है ना मॅडम? सब से होती है."

मी अस्लमकडे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता. लूमवरच्या माणसाला सूत कुठे तुटलं ते आवाजावरून कळतं म्हणतात. त्याला काय कळलं कोण जाणे, पण त्यानं मान खाली घातली.

बाजूच्या बाकावरून आत्या उठल्या. त्यांनी पिशवीतून द्राक्षाचा घड काढला आणि शाहीनच्या मांडीवर ठेवला. "खा गं बाई. तुझं बी काढतात का? लय काढतात इथं." शाहीनला बोलणं अर्धंच कळलं असेल, पण तिनं एक मणी तोंडात टाकला आणि मान हलवली.

सांगावं की नाही? नळ्या बदललेल्या नाहीत हे मला आता माहीत होतं, पण मशीननं अजून सांगितलं नव्हतं. आमच्या धंद्यात जे सिद्ध झालं नाही ते बोलायचं नसतं. पण न बोलता तिला हसत मालेगावला जाऊ द्यायचं, हेही माझ्यानं होईना. मी तिच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि सांगितलं की या बाईंच्या घरी रक्त दुसरीचं दिलं गेलं होतं, गोंधळ त्याचा होता. नळ्या बदलल्याची भीती होती, ती आता फार थोडी उरली आहे.

शाहीननं सगळं ऐकलं. "थोडी है ना?" ती म्हणाली. "तो थोडी है."

तिचं रक्त मी घेतलं. दोघी आयांचं रक्त, गोठवलेले दोन्ही तुकडे, सगळं पुन्हा नव्यानं लावलं. दुसऱ्या दिवशी आलेख आले. वैशालीचं बाळ प्रत्येक ठिकाणी वैशालीशी जुळलं, आई मिसळलेली नव्हती, निकाल चांगला तोच खरा. दिंडोरीला कळवलं. मग आत्यांचा आवाज आला, त्या कुणालातरी गाईचं तूप काढ म्हणून सांगत होत्या. पुढे वैशालीला मूल झालं, ते आता अंगणात पळतं. मुलगा की मुलगी, ते मी इथेही लिहिणार नाही, सवयच गेलेली नाही.

शाहीनचं बाळ प्रत्येक ठिकाणी शाहीनशी जुळलं. एकही खूण इकडची तिकडे नव्हती. एवढा स्वच्छ आलेख मी नोकरीत क्वचित पाहिला असेन. मी तो सरांना दाखवला. सर म्हणाले, "डॉक्टरांना कळवू, त्या सांगतील." मी म्हटलं, "नाही. 'थांबव' मी म्हटलं होतं, मीच सांगते."

शाहीननं लगेच फोन उचलला. मी म्हटलं, "शाहीन, तपासणी झाली. नमुना तुझाच होता. पहिला निकाल बरोबर होता."

पलीकडे लूमचा खटखट आवाज येत होता. मग दार लावल्यासारखा तो कमी झाला.

"मतलब आप से गलती नहीं हुई," ती म्हणाली.

"नाही."

"अच्छा हुआ मॅडम." तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. "परसों फोन पे आप बहोत घबराए हुए थे. मैं इनको बोली भी, मॅडम बहोत डर गए हैं. अब आप को चैन पडेगा ना?"

मी हो म्हटलं. ती "ठीक है" म्हणाली आणि तिनंच फोन ठेवला.